भाड्याच्या खोलीत पाणी शिरले, ठेवलेले सामान भिजले. भरपाई कोणाकडे मागायची?

घरमालक म्हणतो पाऊस पडला, भाडेकरू म्हणतो छत गळले. कायदा मात्र तीन वेगळेच प्रश्न विचारतो. ते कोणते, सोप्या भाषेत समजून घेऊ.

आसनगाव : परीक्षा संपली की विद्यार्थी खोलीला कुलूप लावून गावी जातात. गादी गुंडाळून कोपऱ्यात, पुस्तकांची खोकी पलंगाखाली आणि मार्कशीटची फाइल पत्र्याच्या पेटीत. जूनच्या अखेरीस परत येऊन कुलूप उघडले की आधी कुबट वास येतो. मग भिंतीवर चढलेली ओल दिसते आणि फुगलेली पुस्तके. घरमालकाला फोन केला तर उत्तर ठरलेले असते, "पाऊस काय मी पाडला?"

हे उत्तर या बातमीदाराने इथेच शिकत असताना स्वतः ऐकले आहे. छत गळते, हे मार्चमध्ये जिन्यात उभे राहून तोंडी सांगितले होते. लेखी काहीच नव्हते. चार वर्षांच्या वह्या आणि ड्रॉइंग शीट रद्दीत गेल्या, वर डिपॉझिटमधून रंगाचे पैसेही कापले गेले. तेव्हा वाटले, भाडेकरूला हक्कच नसतो. हक्क असतो. पण तो मागण्यासाठी काय हातात असावे लागते, हे फार कमी लोकांना माहीत असते.

प्रश्न फक्त विद्यार्थ्यांचा नाही. लोकलच्या अंतरावर परवडणारे भाडे म्हणून कल्याण, ठाणे, मुंबईत नोकरी करणारी अनेक कुटुंबे आसनगाव, वासिंद, आटगाव भागात राहतात. परिसरातल्या कारखान्यांत काम करणारे कामगार चाळीत खोली घेतात. छोटे दुकानदार गाळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माल ठेवतात. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर असतो सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस.

७ जुलै २०२४ ची सकाळ अनेकांना आठवत असेल. शहापूर तालुक्यात मुसळधार पाऊस झाला, भारंगी नदीला पूर आला, सखल भागातल्या घरांत पाणी शिरले आणि आटगावच्या पुढे रुळांवर माती येऊन कसाऱ्याकडची लोकल वाहतूक विस्कळीत झाली. त्याआधी जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातले उंबरमाळी स्थानक फलाटापर्यंत पाण्यात गेले होते. अशा दिवसांनंतर पहिला वाद होतो तो घरातल्या सामानाचा.

थोडक्यात उत्तर

- पाऊस पडला म्हणून घरमालक आपोआप जबाबदार ठरत नाही.
- पाऊस पडला म्हणून तो आपोआप सुटतही नाही.
- निकाल तीन प्रश्नांवर लागतो : पाणी कुठून आले? दोष आधी कोणाला माहीत होता? आणि कळल्यावर कोणी काय केले?

प्रश्न १ : पाणी कुठून आले?

आधी साधे गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटरचे असते. त्यावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ११०० लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरचे साडेपाच ड्रम, एकाच खोलीच्या छतावरून जायला हवेत. स्लॅबला उतार नसेल, पावसाळी पाइप पाल्याने तुंबला असेल किंवा पत्र्याच्या बोल्टखालचे वॉशर झिजले असतील, तर यातला काही भाग खाली उतरणारच. म्हणून वाद घालण्याआधी पाण्याची वाट शोधा.

*छत, पत्रे, बाहेरची भिंत :* हा इमारतीचा मूळ भाग. त्याची दुरुस्ती साधारणपणे मालकाकडे येते. करारात वेगळे लिहिले असेल तर मात्र चित्र बदलते.

*भिंतीतला पाइप, वरची टाकी :* जुना पाइप गंजून फुटला किंवा टाकीला तडा गेला तर मालक. भाडेकरूने स्वतः बसवलेली जोडणी सुटली तर भाडेकरू.

*घरातला नळ, मोरीची जाळी, वॉशिंग मशीनचा पाइप :* रोजच्या वापरातल्या वस्तू, त्यामुळे बहुतेक वेळा भाडेकरू. नळ उघडा ठेवून गावी गेलात आणि खालच्या खोलीत पाणी उतरले, तर खालच्याचे नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकते.

*वरच्या मजल्यावरचे बाथरूम :* आधी वरचा फ्लॅटधारक. सोसायटी असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती ही संस्थेने दुरुस्त करायची असते.

*नवी इमारत :* ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दिसला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. ही तक्रार फ्लॅटच्या मालकाने करायची. भाडेकरूने मालकाला तशी आठवण लेखी करून द्यावी.

*नदी, नाला, रस्त्यावरचे पाणी :* इथे घरमालकाचा दोष दाखवणे सर्वांत कठीण. अपवाद दोनच. खोलीत दर पावसाळ्यात पाणी येते हे माहीत असून त्याने ते लपवले असेल, किंवा पाणी जाण्याची वाट त्यानेच भराव टाकून बंद केली असेल.

प्रश्न २ : दोष आधी कोणाला माहीत होता?

इथे तुमचा करार कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे लागते. आपण सगळ्यालाच 'भाडे' म्हणतो, पण कायद्यात तीन वेगवेगळी नाती आहेत.

भाडेपट्टा : ठरावीक जागेचा ताबा आणि वापराचा हक्क मिळतो. याला मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चे कलम १०८ लागू होते. वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा जो दोष मालकाला माहीत आहे, पण भाडेकरूला साध्या काळजीने पाहूनही दिसणार नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. फेब्रुवारीत खोली दाखवताना ताज्या रंगाखाली झाकलेली ओल हे याचे साधे उदाहरण. मात्र छताला आरपार भोक असेल आणि ते पाहूनच खोली घेतली असेल, तर 'मला सांगितले नाही' असे म्हणता येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स : अकरा महिन्यांचा परिचित करार. कायद्याच्या भाषेत इथे राहणारा भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याला भाडेकरूइतके संरक्षण नाही, पण सामानाच्या बाबतीत तो उघड्यावरही नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चे कलम ५७ सांगते की, परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि परवानाधारकाला नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८ त्यापुढे जाते. जागा धोकादायक होईल असे काही मालकाने करायचे नाही. म्हणजे ऐन जूनमध्ये पत्रे बदलायला काढले आणि ताडपत्री न टाकता दोन दिवस छत उघडे ठेवले, तर खाली भिजलेल्या सामानाबद्दल विचारणा करता येते.

सामान सांभाळायला दिले : खोली नाही, सामानच दुसऱ्याच्या ताब्यात दिले. गोदामवाला भाडे घेऊन माल ठेवतो आणि किल्लीही त्याच्याकडेच असते. इथे भारतीय करार कायदा १८७२ चे कलम १५१ लागू होते. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी माल ठेवून घेणाऱ्याने घ्यायची. तितकी घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे तो सुटतो, करारात जास्त हमी दिली नसेल तर. या नात्यात मालकाची जबाबदारी सर्वांत ठळक असते. पण फक्त रिकामी शेड भाड्याने घेऊन स्वतःचे कुलूप लावले असेल, तर हे कलम उपयोगी पडत नाही.

म्हणून आधी स्वतःला विचारा, किल्ली कोणाकडे आहे? ती तुमच्याकडे असेल तर तुम्ही जागा घेतली आहे. समोरच्याकडे असेल तर तुम्ही माल सांभाळायला दिला आहे.

प्रश्न ३ : कळल्यावर कोणी काय केले?

खरी लढाई इथे असते आणि बहुतेक भाडेकरू इथेच हरतात. कारण 'सांगितले होते' याला पुरावा नसतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याचे कलम १४ म्हणते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. महिना ५,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ६०,००० आणि वळती करण्याची मर्यादा १५,००० रुपये. बिले आणि पावत्या जपून ठेवायच्या, कारण खर्चाचा पुरावा त्याच आहेत.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, हा कायदा राज्यभर सरसकट नाही. अनुसूचीत नमूद केलेल्या भागांतल्या, राहण्यासाठी, शिक्षणासाठी, व्यवसायासाठी किंवा साठवणीसाठी दिलेल्या जागांना तो लागू होतो. ग्रामपंचायत हद्दीत राहत असाल तर तुमची जागा त्यात येते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. येत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याकडे जावे लागते. तिथे दुरुस्तीचे सरसकट कर्तव्य मालकावर नाही. करारात ती त्याच्याकडे दिलेली असेल आणि नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वजा करू शकतो. ग्रामीण भागात करारातली एक ओळ किती मोलाची असते, ते यातून कळेल.

दुसरी, कलम १४ दुरुस्तीच्या खर्चाबद्दल आहे, भिजलेल्या टीव्हीबद्दल नाही. सामानाची भरपाई मागायची तर करारभंग किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तिथे तुमची ती जुनी नोटीसच कामाला येते. 'गळती आहे' हे मालकाला तारखेसह कळवले होते, वेळ होता, तरी त्याने काही केले नाही, ही साखळी जोडली की 'पाऊस काय मी पाडला' हे उत्तर अपुरे पडते.

पण पाऊस ही तर देवाची करणी ना?

नेहमीच नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा कल्लूलाल विरुद्ध हेमचंद हा १९५८ साली प्रसिद्ध झालेला निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. पावसात एक भिंत कोसळली आणि दोन मुलांचा जीव गेला. त्या दिवशी २.६६ इंच, म्हणजे सुमारे ६८ मिलिमीटर पाऊस झाला होता. हा देवाचा कोप, माझा दोष नाही, असा मालकाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. पावसाळ्यात असा पाऊस पडणारच, त्याचा अंदाज धरूनच बांधकाम सांभाळायला हवे, असा त्या निकालाचा आशय.

हवामान विभागाच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'जोरदार' पाऊस आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर 'अत्यंत जोरदार'. शहापूरसारख्या तालुक्यात जोरदार पावसाचे दिवस दर मोसमात येतात. तेवढ्यात छत गळत असेल तर दोष छताचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तशा दिवशी मात्र मालकाचा बचाव बळकट होतो. म्हणून नुकसानीच्या दिवशीचा पावसाचा आकडा नोंदवून ठेवा. दोन्ही बाजूंना तो लागतो.

याच विषयातला दुसऱ्या बाजूचा एक जुना खटला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा आहे. रिकर्ड्स विरुद्ध लोथियन, निकाल १९१३ चा. इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या बेसिनचे तोंड कोणीतरी मुद्दाम बुजवून नळ सोडून दिला. रात्रभरात पाणी खाली उतरले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. प्रिव्ही कौन्सिलने इमारतीच्या मालकाला जबाबदार धरले नाही. नळ, बेसिन हा जागेचा साधा वापर, आणि खोडी तिसऱ्याच माणसाची. नुकसान खरे होते, पण मालकाची चूक दाखवता आली नाही. आपल्याकडेही वकील या निकालाचा दाखला देतात. धडा एवढाच की, भिजलेला माल दाखवून भागत नाही. चूक कोणाची, ते दाखवावे लागते.

भाडेकरूचीही जबाबदारी आहे

करार कायद्याचे कलम ७३ भरपाईबद्दल बोलते, पण त्याचबरोबर नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही पाहते. छत गळते हे माहीत असून त्याच्याच खाली तांदळाची पोती रचली, तर पूर्ण भरपाई मिळणे अवघड. गळतीखालून सामान हलवणे, विटा किंवा फळ्यांवर चढवणे, ताडपत्री टाकणे, पाणी आल्यावर मेन स्विच बंद करून वस्तू सुकवणे, एवढे तुम्ही केलेले असावे.

भाड्यात न दिलेल्या जागेत, म्हणजे जिन्याखाली, गच्चीवर, ओट्यावर, परवानगीशिवाय ठेवलेल्या सामानाची जोखीम मुख्यतः ठेवणाऱ्याची. उलट मुदत संपल्यावर मालकाने तुमचे सामान परस्पर बाहेर काढून अंगणात ठेवले आणि ते भिजले, तर त्याला 'माझा संबंध नाही' म्हणता येत नाही. परवाना रद्द झाला तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ ने दिला आहे.

काय करावे? क्रमाने

*खोली घेताना*

१. कोपरे, खिडकीखालची भिंत, पलंगामागची जागा बघा. टवके, पिवळे डाग, पांढरी खारी पूड ही ओलीची खूण. शेजाऱ्यांना विचारा, "पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" एवढ्या एका प्रश्नाने बरेच कळते.

२. रिकाम्या खोलीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून मालकालाच पाठवा.

३. करार लेखी आणि नोंदणीकृत करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

४. दुरुस्ती कोणाची, ही ओळ घाला. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात तयार यादी आहे. छत-भिंतीची मूळ दुरुस्ती, रंग, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळ, वॉशर, नाली साफ करणे, स्विच, कुलपे, काचा भाडेकरूकडे. हा आदर्श कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण यादी करारात उतरवायला कोणाचीच मनाई नाही.

*पाणी शिरल्यावर*

१. आधी वीज बंद. मग फोटो. पाणी कुठून येते ते, भिंतीवरची पाण्याची रेषा, मग एकेक वस्तू, या क्रमाने. व्हिडिओत तारीख आणि ठिकाण तोंडाने बोला.

२. त्याच दिवशी मालकाला मेसेज करा आणि पाहायला बोलवा. तो आला तर चांगलेच. नाही आला तर दोन शेजाऱ्यांना दाखवा.

३. मालकाने पाहीपर्यंत वस्तू फेकू नका. यादी करा : वस्तू, कधी घेतली, किंमत, बिल. बिल नसेल तर ऑनलाइन ऑर्डर किंवा यूपीआयची नोंद शोधा. भरपाई मागताना वापरलेल्या वस्तूची नवी किंमत लावू नका. दहा वर्षांच्या फ्रिजला नव्याचा भाव लावला की बाकीच्या खऱ्या यादीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

४. पुराचे पाणी असेल तर तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून पंचनामा करून घ्या. घर मालकाचे आणि सामान तुमचे, हे त्यात वेगळे नोंदवायला सांगा. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार आणि नुकसान झालेल्या दुकानदाराला ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. दर वेळचा निर्णय वेगळा असतो, पण पंचनाम्यात नाव नसेल तर कोणत्याच वेळी हाती काही लागत नाही.

*त्यानंतर*

१. लेखी नोटीस द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच जपा. व्हॉट्सअॅपचे संदेशही पुरावा ठरतात, पण न्यायालयात भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या.

२. भाडे पूर्ण थांबवू नका. रागाच्या भरात चार महिने भाडे दिले नाही तर थकबाकीदार तुम्ही ठराल, आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.

३. डिपॉझिट कापले जात असेल तर कारण लेखी मागा. नेहमीच्या वापराची झीज किंवा आवरता न येणाऱ्या आपत्तीमुळे झालेला बिघाड भाडेकरूने भरून देण्याची गरज नाही, हे कलम १०८ मध्येच आहे. छतातून आलेल्या ओलीने रंग उडाला, तर त्याचा खर्च तुमचा नाही.

तक्रार कुठे करायची?

घरमालक-भाडेकरू वाद दिवाणी न्यायालयात जातो. शहापूर तालुक्यासाठी ते शहापूरलाच आहे. करारभंगाच्या भरपाईचा दावा ३ वर्षांत करावा लागतो. पण आठ-दहा हजारांच्या सामानासाठी खटला कोण लढणार? म्हणून आधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे दाव्याआधीच समझोत्याचा प्रयत्न होतो आणि लोकअदालतीत प्रकरण मिटू शकते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. पूरग्रस्तही या यादीत आहेत, हे बहुतेकांना माहीत नसते. राष्ट्रीय विधी सेवा हेल्पलाइन १५१०० आहे.

पैसे घेऊन माल ठेवणारा गोदामवाला किंवा दावा नाकारणारी विमा कंपनी यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. मुदत २ वर्षे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही.

विमा : सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

मालकाने इमारतीचा विमा काढला असेल तर तो त्याच्या भिंतींचा. तुमचे सामान त्यात येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. ती फक्त घरातल्या सामानासाठीही घेता येते, म्हणजे भाडेकरूही घेऊ शकतो. पूर, वादळ, तसेच टाकी किंवा पाइप फुटून होणारे नुकसान तिच्यात येते. वर्षानुवर्षे हळूहळू मुरलेली ओल मात्र सहसा येत नाही. दुकान किंवा छोट्या गोदामासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. विम्याचा फायदा असा की, चूक कोणाची हे सिद्ध करत बसावे लागत नाही.

घरमालकांनी हे वाचावे

आपल्या भागातले अनेक घरमालक म्हणजे मोठे बिल्डर नव्हेत. निवृत्तीच्या पैशातून किंवा शेतीच्या उत्पन्नातून चार खोल्या काढलेली माणसे आहेत. त्यांच्यासाठीही एक गळती म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्याचा प्रश्न. मे महिन्यातले एक दिवसाचे काम पुष्कळ वाचवते : गच्चीवरचा पाला काढणे, पावसाळी पाइपात बादलीभर पाणी ओतून पाहणे, पत्र्याचे वॉशर बदलणे, गच्चीच्या कडेच्या भेगा बुजवणे. काम झाल्यावर फोटो काढून भाडेकरूंना पाठवा. उद्या वाद झालाच, तर तुम्ही काळजी घेतली होती याचा पुरावा तोच. खोली सखल असेल तर ते आधीच सांगा आणि करारात लिहा. सांगितलेला दोष पुढे लपवलेला ठरत नाही.

हा मेसेज कॉपी करून ठेवा

"काका नमस्कार. तुमच्या खोलीत मी राहतो/राहते. आज दिनांक ____ रोजी मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी गळत आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत पाठवले आहेत. त्या बाजूला माझे कपाट, पुस्तके आणि धान्य आहे. सामान सध्या दुसऱ्या बाजूला हलवले आहे, पण खोली लहान असल्याने जास्त दिवस ठेवता येणार नाही. कृपया येऊन पाहावे आणि १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. दुरुस्ती न झाल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आपली राहील, ही नम्र विनंतीवजा सूचना."

भाषा नम्र, तारीख स्पष्ट, मागणी एकच. हा मेसेज पाठवायला पाच मिनिटे लागतात आणि नाते बिघडत नाही. बहुतेक घरमालक फोटो पाहून माणूस पाठवतातही. नाही पाठवला, तर जूनच्या अखेरीस कुलूप उघडल्यावर तुमच्या हातात फुगलेल्या पुस्तकांशिवाय आणखी एक गोष्ट असेल : तारीख.